तुम्ही विचारलंत म्हणून: इतिहास-भूगोल शिकवायला शिकवतात म्हणजे काय करतात?

‘गणित-सायन्सचं समजू शकतो. पण इतिहास-भूगोल शिकवायला शिकवायचं म्हणजे तुम्ही नक्की करता काय?’

सातारा जिल्ह्यातल्या एका बी.एड. कॉलेजात मी सामाजिक शास्त्रांची अध्यापन पद्धती शिकवते. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, एसटीत, बँकेच्या रांगेत, कुठेही विचारला जातो. विचारणाऱ्याकडे स्वतःचं उत्तर तयारच असतं: धडा वाचून दाखवायचा, महत्त्वाच्या वाक्यांखाली रेघा मारायला लावायच्या, स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावर उतरवून द्यायची. त्याला दोन वर्षं कशाला हवीत? (2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्याआधी वर्षभरात उरकायचं.) विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. त्याला शाळेत असंच शिकवलेलं असतं. माझ्याकडे येणारी मुलंमुलीही त्याच वर्गांतून आलेली असतात.

सुरुवातीला त्यांची पाठ टाचणं (तासाला काय आणि कसं शिकवणार याची लेखी आखणी) तपासायला घेतली की हे लगेच कळतं. टाचणात ‘शिक्षक कृती’ आणि ‘विद्यार्थी कृती’ असे दोन रकाने असतात. पहिल्यात शिक्षक स्पष्टीकरण देतात, नकाशा दाखवतात, तक्ता टांगतात, पान भरून काही ना काही करतात. दुसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच वाक्य: ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.’ प्रस्तावनेचे प्रश्न तर वर्षानुवर्षं वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे उतरत आलेले. आपल्या देशाचं नाव काय? भारत. भारतावर पूर्वी कोणाचं राज्य होतं? इंग्रजांचं. त्यांच्याविरुद्ध मोठा उठाव कधी झाला? 1857 साली. ‘तर मुलांनो, आज आपण 1857 चा उठाव हा घटक अभ्यासणार आहोत.’ याला हेतुकथन म्हणतात. सगळं नियमाला धरून असतं. फक्त वर्गातल्या पोरांना पहिल्या प्रश्नालाच कळतं की बाईंना उत्तर माहीत आहे आणि त्यांना ते आपल्या तोंडून वदवून घ्यायचंय.

माझा निम्म्याहून जास्त वेळ जातो तो या टाचणात एक तरी खरा प्रश्न आणण्यात. ज्याचं उत्तर ऐकायला शिक्षकालाही थांबावं लागेल, असा प्रश्न. ऐकायला सोपं वाटतं. पण पदवीपर्यंत पंधरा वर्षं फक्त उत्तरं पाठ केलेल्या माणसाला ते फार जड जातं.

महाडचा सत्याग्रह घ्या. माझ्या छात्राध्यापकांचा (म्हणजे बी.एड.च्या विद्यार्थ्यांचा) या पाठाचा पहिला खर्डा ठरलेला असतो: पूर्वी अस्पृश्यता होती, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं, समतेचा संदेश दिला. वीस मिनिटांत धडा संपतो. मग मी त्यांना फळ्यावर चारच सालं लिहायला सांगते. 1923: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर. 1924: महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. 1927: सत्याग्रह. 1937: तळ्याचा खटला उच्च न्यायालयात निकाली. आता प्रश्न काढा, म्हणते. कधी अर्धा तास जातो, पण कोणीतरी शेवटी तिथे येतोच: ठराव आधीच झाला होता, तर सत्याग्रह कशाला करावा लागला?

हाच प्रश्न घेऊन आमची एक विद्यार्थिनी आठवीच्या वर्गावर गेली. मागच्या बाकावरचा एकजण बसल्या बसल्या म्हणाला, ‘मॅडम, ठराव काय, आमच्या ग्रामपंचायतीत पण होतात.’ वर्ग हसला. निरीक्षणाला बसलेल्या शाळेतल्या बाईंनी त्याच्याकडे डोळे वटारले. आमच्या पोरीनं मात्र हसू ओसरू दिलं आणि विचारलं, ‘कुठला ठराव झाला आणि पुढं काय झालं?’ पुढची दहा मिनिटं त्या वर्गात नागरिकशास्त्र चाललं होतं: ठराव कोण करतं, अंमलबजावणी कोण करतं, ती झाली नाही तर दाद कुठं मागायची. तिथून परत महाडला यायला तिला एक वाक्य पुरलं. टाचणात यातलं काही नव्हतं. निरीक्षण वहीत शाळेच्या बाईंनी शेरा दिला, ‘वर्गनियंत्रण सुधारावे.’ त्याच पानावर खाली मी माझा शेरा लिहिला आणि पाठाला त्या महिन्यातले सगळ्यात जास्त गुण दिले.

याच पाठाला मी आणखी एक गोष्ट बघते, आणि तिच्यासाठी छापील निरीक्षण तक्त्यात रकाना नाही. ‘अस्पृश्य’, ‘दलित’, ‘मागास’ हे शब्द तोंडातून निघताना शिकवणाऱ्याची नजर कुठं जाते? गावातल्या शाळेत कोण कुठल्या वस्तीतून येतं हे आठवडाभरात माहीत होतं. शब्द उच्चारला की नजर नकळत त्या बाकाकडे वळते, आणि वर्गातली सगळी पोरं शिक्षकाच्या नजरेमागून बघतात. तेवढ्यानं धडा उलटा पडतो. आम्ही याचा सराव करतो, कॉलेजातच, एकमेकांसमोर. जातीचा अनुभव कोणाकडूनही हात वर करून मागायचा नाही. सांगावंसं वाटलं त्याला सांगू द्यायचं, पण ‘तुमच्याकडे कसं होतं?’ असा प्रश्न एखाद्या मुलाकडे बोट दाखवून टाकायचा नाही. आणि क्रियापदाचा कर्ता गाळायचा नाही. ‘अस्पृश्यता पाळली जात असे’ या वाक्यात पाळणारं कोणीच नाही. कोण पाळत होतं, हे वाक्यात आलं पाहिजे. इथं काही छात्राध्यापक अडतात, कारण कर्ता लिहिला की त्यात आपलंच घर येतं. त्यांना मी घाई करत नाही, पण वाक्य मात्र बदलूनच घेते.

भूगोलाचं वेगळं दुखणं आहे. तिथं व्याख्या पाठ असतात. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय (डोंगराच्या आडोशाला असल्यानं कमी पाऊस पडणारा भाग), हे आमच्या एका विद्यार्थ्यानं सूक्ष्म पाठात, म्हणजे कॉलेजातच घ्यायच्या छोट्या सराव पाठात, एका दमात म्हणून दाखवलं होतं. मी विचारलं, तुमच्या तालुक्यात पाऊस किती पडतो? तो माण तालुक्यातला. म्हणाला, ‘आमच्याकडं दुष्काळच असतो, मॅडम.’ एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साधारण 6000 मिलिमीटर पाऊस आणि माणला जेमतेम 500 च्या आसपास. त्याचं गाव त्या व्याख्येच्या आत बसलेलं होतं आणि तो व्याख्या पुस्तकातल्या कुठल्यातरी डोंगरासाठी म्हणत होता.

म्हणून आम्ही भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा घेऊन साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर जातो. 1:50,000 प्रमाणाचा, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. अशा दोन रेषांमध्ये 20 मीटर उंचीचा फरक. रेषा दाटल्या की चढ उभा, हे वाक्य सगळ्यांना येतं. पण धापा टाकत उभं राहून ‘आत्ता आपण या दाटलेल्या रेषांवर आहोत’ असं बोट ठेवून सांगणारे थोडे. त्याबद्दल अधिक लिहीत नाही, कारण ते वाचून कळण्यासारखं नाही.

तर तो माणचा विद्यार्थी. आंतरवासितेत, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवायच्या काळात, त्याच्याकडे नववी आली. नववीच्या इतिहासाचा काळ 1960 नंतरचा. त्यानं ठरवलं, 1972 चा दुष्काळ घ्यायचा, आणि मुलांना प्रश्न देऊन घरी पाठवलं: बहात्तर साली घरात काय शिजत होतं, कामाला कुठं जायचे, मजुरी कोण वाटायचं? दोन दिवसांनी वह्या भरून आल्या. लाल मिलोच्या (परदेशातून आलेल्या ज्वारीच्या) भाकरी, सुकडी हा दुष्काळात वाटलेला कोरडा खाऊ, खडी फोडून हाताला आलेले फोड, पाझर तलाव, आजही वापरात असलेला एक रस्ता. एकीच्या आजीनं सांगितलं होतं की सरकारनं काम काढलं म्हणून आम्ही जगलो. दुसऱ्याच्या आजोबांचं म्हणणं, हजेरी मांडणारा मुकादम पैसे खायचा. आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘सर, माझे पणजोबा मुकादम होते. त्यांनी कोणाचे पैसे खाल्ले नाहीत.’

असा क्षण आला की न शिकलेला शिक्षक दोनपैकी एक करतो. ‘बरं बरं, बसा खाली’ म्हणतो, नाहीतर स्वतः न्यायाधीश होतो. आमच्या विद्यार्थ्यानं फळ्यावर तीन रकाने पाडले: कोण सांगतंय, तेव्हा तो कुठं होता, त्याला काय दिसू शकत होतं. आजी खडी फोडत होती. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे, त्यांनी घरातली बोलणी ऐकली होती. पणजोबांचं म्हणणं नातवंडांमार्फत आलेलं. कोण खरं, हे त्या दिवशी ठरलं नाही. पण साधनाची पारख म्हणजे काय, हे त्या वर्गाला कळलं. दहावीच्या पुस्तकात पुढे इतिहासलेखन आणि उपयोजित इतिहास यांवर धडे येतात, तेव्हा या मुलांना ते परके वाटणार नाहीत.

आणि एकदा तो दुष्काळ हातात आला की त्याचे धागे संपत नाहीत. मे 1973 मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर गेली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि तिच्यासाठी पैसा उभा करायला 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीत दरमहा 200 रुपये कापलेले दिसतात ना, त्याचं मूळ तिथं आहे. पुढे 2005 मध्ये देशभराचा रोजगार हमी कायदा आला, त्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. यात भूगोल कुठं संपतो आणि अर्थशास्त्र कुठं सुरू होतं ते मला तरी सांगता येत नाही. शाळेच्या वेळापत्रकात मात्र त्यांचे तास वेगळे आणि बहुधा शिक्षकही वेगळे.

हल्ली एक नवा प्रसंग आमच्या सरावात घालावा लागतो. मुलगा उठून म्हणतो, ‘पुस्तकात चुकीचं दिलंय, मोबाइलवर व्हिडिओ आहे.’ त्याला गप्प करायचं नाही आणि त्याच्याशी भांडायचंही नाही. त्यानं सांगितलेली गोष्ट तो व्हिडिओ करणाऱ्याला कुठून कळली, एवढंच विचारायचं. यासाठी मी शिवजयंतीचं उदाहरण देते. तारखेचा वाद काही दशकं चालला. टिळकांनी प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीतली (जेधे घराण्याकडच्या, सालवार घटनांच्या जुन्या टिपणातली) नोंद त्यात महत्त्वाची ठरली, आणि शासनानं 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख धरली ती या शतकाच्या सुरुवातीला. महाराजांवर जीव असलेली पोरंच इथं सगळ्यात कान देऊन ऐकतात. पुरावा मागणं म्हणजे अपमान करणं नव्हे, हे त्यांना आपल्या सगळ्यात लाडक्या विषयातून कळतं.

हे सगळं शाळांना आवडतं का? काहींना आवडतं. बऱ्याच मुख्याध्यापकांचा एकच प्रश्न असतो: पोर्शनचं काय? तो रास्त आहे. पस्तीस मिनिटांचा तास, आणि दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचे 40, भूगोलाचे 40 गुण लेखी परीक्षेला. उरलेले 20 अंतर्गत मूल्यमापनाचे, जे बहुतेक ठिकाणी सरसकट वाटून टाकतात. मी छात्राध्यापकांना सांगते की प्रत्येक धडा असा घ्यायला जाल तर दिवाळीपर्यंत तिसऱ्या धड्यावर असाल. सत्रात दोन घटक निवडा, तिथं मुक्काम करा, बाकीचे नीट पण झपाट्यानं घ्या. आणि ते 20 गुण वाटून टाकू नका, ती जागा तुमची आहे. पद्धतीच्या पुस्तकांत असला हिशेब नसतो, पण नोकरी यावरच टिकते.

नोकरीवरून आठवलं, तुमचा दुसरा प्रश्न नेहमी तोच असतो: नोकरी लागते का? लागते, पण वाट बघायला लावते. टीईटी ही पात्रता परीक्षा, टेट ही अभियोग्यता चाचणी, मग पवित्र या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवरची प्रतीक्षा. त्यातून शाळेत गेल्यावर ज्याच्याकडे तास कमी त्याच्या गळ्यात इतिहास, ही आपल्याकडची जुनी रीत. मराठीच्या, हिंदीच्या, प्रसंगी पीटीच्या शिक्षकानंही इतिहास शिकवलेला मी पाहिलाय. माझ्या विषयाला ट्रेनिंग लागत नाही हे समाजाचंच नाही, शाळांचंही मत आहे, हे यावरून कळतं.

महाडचा पाठ घेणारी ती विद्यार्थिनी आता एका शाळेत लागली आहे. मराठी, इतिहास आणि सहावीचं गणित तिच्याकडे. मध्यंतरी तिचा फोन आला. वर्गात साठाच्या वर मुलं, सगळ्यांनी आजी-आजोबांच्या मुलाखती आणल्यात, वाचून कधी घ्यायच्या? आम्ही फोनवरच ठरवलं: एका बाकावरच्या तिघांनी मिळून एकच नोंद करायची, तीत तिघांच्या घरचं जिथं जुळत नाही तेवढंच लिहायचं, दर तासाला दोन नोंदी वर्गात वाचायच्या आणि बाकीच्या मागच्या भिंतीवर लावायच्या. भिंतीला खिळे मारायला मुख्याध्यापक परवानगी देत नाहीत, म्हणाली. मग दोरी बांध, म्हटलं.