वनाजचा ज

आमची लेक पाच वर्षांची होती तेव्हा तिला वाचता येतं अशी घरात सगळ्यांची पक्की समजूत होती. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेलं उंदराच्या गोष्टीचं पुस्तक मांडीवर घ्यायची आणि ओळीखाली बोट फिरवत घडाघडा वाचून दाखवायची. पाहुण्यांसमोर तर हमखास. एकदा चुकून तिनं दोन पानं एकदम उलटली, तरी गोष्ट काही अडली नाही. उंदीर मागच्याच पानावर पळत होता आणि बोट पुढच्या पानावर. मी चित्रावर तळहात ठेवला आणि एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय?"

"हात काढ ना आई, दिसत नाहीये!"

शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीचा विषय असतो, पण वाचनाचा सराव घरीच करून घ्यावा लागणार हे उघड होतं. मी मला शिकवलं होतं तसंच सुरू केलं. भिंतीवर तक्ता, रोज संध्याकाळी क का कि की. आठवड्याभरात तोंडपाठ! मधलाच 'पु' दाखवला की मात्र बाईसाहेब प पासून सुरुवात करून बोटं मोजत तिथवर यायच्या. एका संध्याकाळी मी भडकले, ती रडली आणि तक्त्याचा कोपरा फाटला. कुणी फाडला ते इथे सांगत नाही.

सासूबाई गवार निवडत हे सगळं बघत होत्या. "अगं, क पासून कशाला? आम्हाला पाटीवर ग म भ न काढून दिलं होतं. एकाचं वळण बसलं की पुढचं आपोआप येतं." मग तक्त्यावरच्या कॅ आणि कॉ कडे बघून, "आणि ही दोन कुठून आली? आमच्या वेळी बारा होती." आता चौदाखडी आहे, हे त्यांना अजूनही फारसं पटलेलं नाही.

आम्ही राहतो वनाजजवळ. २०२२ च्या मार्चमध्ये इथून गरवारे कॉलेजपर्यंत मेट्रो सुरू झाली तेव्हापासून लेकीला रविवारी मेट्रोत बसायचंच असतं. स्टेशनच्या पाटीकडे बघताना एकदा माझ्याच लक्षात आलं: वनाज. मात्रा नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, फक्त एक काना. पुढे नळ स्टॉपमधला नळ, मग गरवारे.

दोन फेऱ्यांत तिला स्टेशनंही ओळीनं पाठ झाली, म्हणजे पुन्हा उंदीरच. मग चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून व, न, ज लिहिले आणि काना वेगळ्या पट्टीवर. वनाज मोडून नाव केलं, वन केलं, जवान केलं. एकदा मी व, ज, न ओळीनं ठेवून गप्प बसले. ती व... ज... न... म्हणाली, पुन्हा म्हणाली, तिसऱ्यांदा जरा भरभर म्हणाली आणि ताडकन उठली. "वजन! रद्दीवाले काका करतात ते!" हा शब्द तिला कुणी पाठ करून दिला नव्हता.

पहिल्या वेलांटीनं मात्र महिनाभर छळलं. आयडियल कॉलनीचं 'आयइडयल'. तिचं म्हणणं सरळ होतं, वेलांटी आधी दिसते तर आधी म्हणायची. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी सुटी वेलांटी फेकून दिली आणि 'डि', 'जि', 'कि' असे अख्खे तुकडे केले. एका तुकड्याचा एकच आवाज. हे चाललं.

मग एकदा तिनं विचारलं, "आई, वनाजचा ज आणि जिमखान्याचा ज एकच आहे?" इतकी वर्षं मराठी बोलतेय, मला कधी सुचलं नव्हतं! चमचा आणि चिमणीचंही तेच. उच्चार दोन, अक्षर एकच. पण शब्द ओळखीचा असला की ती आधी चुकीचं म्हणते, स्वतःच थबकते आणि कानाला पटेल असं करून घेते. म्हणून आता मी लगेच दुरुस्त करत नाही. मनात पाचपर्यंत मोजते. माझ्या स्वभावाला हे भलतंच जड जातं.

जोडाक्षरं अजून कच्ची आहेत. पाटीवर 'डेकन' वाचते आणि गाडीत "पुढील स्थानक, डेक्कन जिमखाना" ऐकू आलं की "मी तेच म्हणाले!"

परवा सासूबाईंची बहीण आली होती. लेकीनं ते उंदराचं पुस्तक काढलं आणि अक्षर न् अक्षर लावत पहिलं पान वाचलं. सहज चार मिनिटं लागली असतील. चहा निवला. मावशी मला हळूच म्हणाल्या, "काय गं, आधी किती छान वाचायची ही."