आमची वाटचाल : एक बिजागरी, पाच नळ्या

आमचा बिजागऱ्यांचा कारखाना सुरू करणारे अण्णा मूळचे सुतार. सांगली-मिरजेकडच्या जुन्या वाड्यांची दारं दुरुस्त करायचे. त्यातल्या कित्येक दारांना बिजागरीच नसे. फळीच्या एका कडेला वर-खाली खुंटा सोडलेला. खालचा दगडातल्या खळग्यात फिरायचा, वरचा चौकटीतल्या भोकात. दाराचा सगळा भार थेट दगडावर. "बिजागरीवर दार लटकतं, आणि लटकलेलं खाली यायला बघतं," असं अण्णा म्हणायचे. पुढं सांगलीजवळच्या कुपवाडला एक हातप्रेस टाकून ते स्वतःच बिजागऱ्या पाडायला लागले, तेव्हाही त्यांच्या डोक्यात हेच होतं.

सुरुवात चार इंचीपासून झाली. पत्र्याची पट्टी कापायची, कडेला खाचा पाडायच्या, उरलेल्या जिभा डायमध्ये गोल वळवायच्या. बिजागरीच्या एका पानाला, म्हणजे पट्टीला, तीन नळ्या, दुसऱ्याला दोन, मधून पिन. खरं कसब त्या वळणात आहे. नळी सैल राहिली तर दार पहिल्या दिवसापासून सूतभर खाली बसतं, घट्ट झाली तर कुरकुरतं. अण्णांची परीक्षा अशी : पिनेची टोकं ठोकून बंद करण्याआधी ती अंगठ्यानं ढकलली की आत जावी, पण बिजागरी उलटी धरली तर आपण होऊन पडू नये. आज पॉवर प्रेस आहेत, तरी दर लॉटमधल्या काही बिजागऱ्या मी याच पद्धतीनं स्वतः बघतो.

स्क्रूची भोकं आम्ही नागमोडी ठेवतो. एका ओळीत आली तर सगळे स्क्रू लाकडाच्या एकाच शिरेत बसतात आणि ती शीर फाटते. इतकं करून घरी जाऊन बघावं, तर स्क्रू हातोडीनं ठोकलेले! ठोकलेल्या स्क्रूचे आटे लाकूड धरत नाहीत, भोक नुसतं चेपून मोठं होतं. दार उतरलं की बोल मात्र बिजागरीला लागतो. याचं मला आजही वाईट वाटतं.

दार का उतरतं, ते गिऱ्हाइकाला मी हिशेबानं सांगतो. समजा दार ३० किलोचं आणि अडीच फूट रुंद आहे. भार मधोमध धरला तर तो बिजागरीपासून सव्वा फुटावर येतो. वरच्या-खालच्या बिजागरीत पाच फूट अंतर असेल तर वरचीला दार साडेसात किलोच्या जोरानं बाहेर ओढतं. तेच अंतर अडीच फूट केलं की ओढ १५ किलोवर जाते. खालची चौकटीत दाबली जाते, उपटली जाते ती वरची. म्हणून दार जड असेल तर तिसरी बिजागरी वरचीच्या जवळ लावा. फळी वाकायची भीती असेल तर मधोमध.

ऑगस्ट २०१९च्या पुरानं आम्हाला मोठा धडा दिला. कुपवाड उंचावर, कारखाना कोरडा राहिला. पण सांगलीतल्या गावभाग, हरभट रोडकडची आमची गिऱ्हाइकं पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर आम्ही 'स्टेनलेस' म्हणून दिलेल्या बिजागऱ्या नळ्यांपाशी तांबारल्या. एका पुरवठादारानं ३०४ ग्रेडचं स्टेनलेस सांगून हलक्या २०२ ग्रेडची पट्टी दिली होती. मी लोहचुंबक लावून घेतला होता, चिकटला नव्हता. पण तो २०२लाही जवळपास चिकटत नाहीच. ३०४मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं; २०२मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते लवकर गंजतं. त्या सगळ्या बिजागऱ्या आम्ही पदरचे पैसे घालून बदलून दिल्या. तेव्हापासून लॅबचा रिपोर्ट आल्याशिवाय पट्टी प्रेसवर चढत नाही.

फर्निचरच्या ऑटो बिजागऱ्या, म्हणजे कपाटाच्या शटरला आतून लागणाऱ्या आणि बाहेरून न दिसणाऱ्या, आम्ही बनवत नाही, विकतो. ते काउंटर मुलगी सांभाळते. मिस्त्री येऊन "ऑटो द्या ताई, वीस नग" एवढंच म्हणाले, तर ती डबा काढत नाही. आधी विचारते, "काका, शटर कडेच्या फळीवर पूर्ण चढणार, एका फळीवर दोन शटर येणार, की आत बसणार?" पूर्ण चढणार असेल तर झिरो नंबरची बिजागरी, एका फळीवर दोन असतील तर आठ नंबरची, आत बसणार असेल तर सोळा नंबरची. मग शटरमध्ये बिजागरी बसवायचं भोक पाडायला ३५ मिलिमीटरचा बिट त्यांच्याकडं आहे ना, तेही विचारते.