अभ्रकाचा तुकडा

दुपारी पिठलं होतं. पापड हवाच, म्हणून एक मायक्रोवेव्हमध्ये ठेवला तर आत चक्क दिवाळी सुरू! तडतड, निळ्या ठिणग्या, जळका वास. सोनेरी कडेची बशी ठेवली की असं होतं हे ठाऊक होतं. पण आत नुसता उडदाचा पापड. तो बिचारा कसल्या ठिणग्या उडवणार?

टॉर्च मारून पाहिलं. आत उजव्या भिंतीवर तो पुठ्ठ्यासारखा चौकोनी तुकडा असतो ना, त्याला मधोमध काळं भोक पडलेलं. दहा वर्षं मी तो पॅकिंगचा पुठ्ठाच समजत होते, काढायचा राहून गेलेला. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केलं. "ताई, मायका जळला. तेल-तूप उडून त्यावर बसतं, त्याचा कोळसा होतो, मग ठिणग्या. नवी शीट कापून लावा, तोवर चालू करू नका. आणि मागचं झाकण खोलायचं नाही बरं का, प्लग काढला तरी कपॅसिटर झटका देतो."

मायका म्हणजे अभ्रक!

बाबा रविवारी इस्त्री खोलून बसायचे. खाली वर्तमानपत्र, स्क्रू बशीत. आतली तार अभ्रकावर गुंडाळलेली. जुना तुकडा माझ्या वाट्याला यायचा. नखाने त्याचा पापुद्रा सोडवायचा, मग त्या पापुद्र्याचा पापुद्रा. इतका पातळ की तळहातावर ठेवून श्वास रोखायचा. डोळ्यासमोर धरला की स्वयंपाकघरातली आई किंचित पिवळी दिसायची. भूगोलात अभ्रक आलं की उत्तर एकच, बिहारमधलं कोडरमा. झारखंड तेव्हा व्हायचं होतं.

बाबांनी न खोललेली वस्तू घरात नव्हती. टीव्हीला मात्र थाप पुरायची. मायक्रोवेव्हला मीही एकदा मारून पाहिलीय. ढिम्म.

तसं आमचं फारसं जमत नाहीच. आई दुपारी झोपते आणि हा पाच-पाचदा कोकलतो, म्हणून मी त्याला शून्यावर येऊच देत नाही. एक सेकंद उरला की दार उघडते. त्यामुळे आमच्याकडे घड्याळाऐवजी कायम तो एकच लटकलेला. शिवाय आतली काचेची ताटली आज डावीकडे फिरते, उद्या उजवीकडे. नवऱ्याच्या मते हा बिघाड. बिघाड कसला, ती मोटारच तशी. सुरू होताना ज्या बाजूला गेली, ती तिची दिशा.

संध्याकाळी शीट आणली. जुना तुकडा वर ठेवून कात्रीने कापली, आतली भिंत पुसली, एका स्क्रूवर काम झालं. मागचं झाकण खोलावं लागलंच नाही. बाबांना हे अजिबात आवडलं नसतं.

मग उरलेली पट्टी घेऊन बसले. पापुद्रा निघेना. हा भुगा दाबून केलेला अभ्रक. नखात नुसती चमचमती पूड.

"काय करतेयस गं?" आईने विचारलं. तिने चिमट्यात पापड धरला होता, गॅसवर.

"काही नाही."