सोबतीची बाई

आज पहाटे ४ ला दवाखान्यातून आमच्या सखीचा, म्हणजे बाळंत होणाऱ्या बाईच्या सोबतीला राहणाऱ्या बाईचा फोन. "ताई, मला आत जाऊ देईनात." पोरगी १९ वर्षांची, पहिलटकरीण, ऊसतोडीवरून अर्ध्यातून परत आलेली. आई अजून कारखान्यावर, कोपीत म्हणजे तिथल्या झोपडीत. पोरगी आत एकटी कळा देतेय आणि सखी बाहेर व्हरांड्यात.

बाळंत होणाऱ्या बाईजवळ, स्वतः बाळंतपण सोसलेली बाई सोबतीला असू द्यावी, हे केंद्र सरकारनं २०१६ मध्येच सांगितलंय. २०१७ च्या, दवाखान्यांतली बाळंतपणाची सेवा सुधारण्यासाठीच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ते आहे. तोच कागद घेऊन पोचले. सिस्टर रात्रभर एकट्याच होत्या बिचाऱ्या. त्यांनी कागद वाचला, आणि सखीला आत घेतलं.

सखी ना औषध देते, ना तपासते. कंबर चोळते, घोट घोट पाणी पाजते, धरून चालवते, "होतंय गं बाई, होतंय" म्हणत राहते. माहेर जवळ असलेल्या लेकीला हे न मागता मिळतं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन जिल्हे पालथे घालणाऱ्या घरातल्या लेकीला नाही. मला तेच सलतं.

साडेनऊला मुलगी झाली. पोरीनं सखीचा हात तरी सोडला नव्हता.

सखीचं गेल्या महिन्याचं मानधन अजून अडकलंय. उद्या सकाळी आधी तेच काम.