चालता न येणाऱ्या बाहुल्यांची खेळणी

स्लाउच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये स्टर्लिंग रोड नावाचा एक रस्ता आहे. गोदामं, ट्रक, लोखंडी शटर, असा अगदी साधा औद्योगिक रस्ता. जवळच्या मार्सच्या कारखान्यातून कधीकधी चॉकलेटचा वास येतो, एवढीच काय ती चैन. लंडनच्या पश्चिमेला असलेल्या या गावात आज आयटीतली पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. आमच्यापैकी बरेच जण या रस्त्यावरून गाडी चालवत ऑफिसला जातात. इथेच साठ वर्षांपूर्वी एका स्टुडिओत 'थंडरबर्ड्स' ही मुलांसाठीची बाहुल्यांची मालिका चित्रित झाली, हे मला इथे आल्यावर कळलं आणि तेव्हापासून तिच्या खेळण्यांनी मला जो नाद लावला तो लावलाच.

आधी मालिकेविषयी सांगते, कारण आपल्याकडे ती फारशी कुणाला माहीत नाही. जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन हे तिचे निर्माते. ऑक्टोबर १९६३ मध्ये जर्मनीतल्या लेंगेडे गावातल्या लोखंडाच्या खाणीत पाणी घुसलं. २९ जण गेले, पण दोन आठवड्यांनी ११ खाणकाम करणारे जिवंत बाहेर काढले गेले. सुटकेसाठी लागणारं भलंमोठं ड्रिल लांबून आणावं लागलं होतं. ही बातमी ऐकून जेरी अँडरसनच्या मनात आलं की अशी यंत्रं कायम सज्ज असली आणि काही मिनिटांत कुठेही पोचली तर? त्यातून 'इंटरनॅशनल रेस्क्यू' ही काल्पनिक संघटना जन्माला आली. प्रशांत महासागरातलं एक गुप्त बेट, तिथे राहणारे जेफ ट्रेसी आणि त्यांचे पाच मुलगे, आणि त्यांची पाच यंत्रं, 'थंडरबर्ड १' ते 'थंडरबर्ड ५'. मुलांची नावं अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांवरून ठेवलेली: स्कॉट, व्हर्जिल, ॲलन, गॉर्डन, जॉन. ३० सप्टेंबर १९६५ ला पहिला भाग लागला. एकूण ३२ भाग झाले.

कुणाला मारायला नव्हे तर वाचवायला निघालेले नायक, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. शीतयुद्ध ऐन भरात असताना मुलांना इतकं निर्मळ स्वप्न कुणीतरी दाखवलं.

आता बाहुल्या. साधारण दोन फुटांपेक्षा थोड्या कमी उंचीच्या, सेटच्या वर बांधलेल्या पुलावर उभं राहून बारीक तारांनी हलवायच्या. आपल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे कौशल्य किती अवघड आहे ते वेगळं सांगायला नको. पण पिंगुळीत बाहुली नाचवणारा स्वतः गातो, स्वतः बोलतो. इथे संवाद आधी ध्वनिमुद्रित करून ठेवत. त्या आवाजातून तयार होणारा विजेचा संकेत बाहुलीच्या तारेतूनच खाली डोक्यात जाई आणि डोक्यातलं छोटं विद्युतचुंबक ओठ हलवी. म्हणजे जी तार बाहुलीला उभं करते तीच तिला बोलतंही करते. हे यंत्र मावावं म्हणून डोकी अंगाच्या मानाने मोठी. या तंत्राला त्यांनी 'सुपरमॅरिओनेशन' असं नाव दिलं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांना शेवटपर्यंत साधली नाही, आणि ती म्हणजे चालणं. तारेवरची बाहुली पाऊल टाकायला लागली की तरंगल्यासारखी दिसते. मग काय करायचं? तिला चालवायचंच नाही. कमरेपासून वर चित्रित करायचं, नाहीतर बसवून कुठेतरी न्यायचं. व्हर्जिल भिंतीवरच्या चित्राला पाठ टेकून उभा राहतो, चित्र उलटं फिरतं आणि तो घसरगुंडीवरून थेट विमानात. ॲलन सोफ्यावर बसतो आणि सोफाच जमिनीखाली जातो. ताडाची झाडं आडवी होतात, पोहण्याचा तलाव सरकतो, त्याखालून रॉकेट निघतं. लहान मुलं ज्यासाठी टीव्हीसमोर खिळून बसत ते हे सगळं बाहुलीच्या पायांत बळ नव्हतं म्हणून सुचलेलं आहे. डेरेक मेडिंग्ज यांनी ती छोटी यंत्रं आणि त्यांचे स्फोट इतक्या जिवंतपणे उभे केले की पुढे त्यांना जेम्स बाँडच्या चित्रपटांची कामं मिळाली.

म्हणूनच या मालिकेचं सगळ्यात गाजलेलं खेळणं माणसाचं नाही, वाहनाचं आहे. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनो या खेळण्यांच्या कंपनीचा कारखाना होता, तिथे 'डिंकी टॉइज' या धातूच्या छोट्या गाड्या बनत. त्यांनी १९६६ मध्ये, मालिकेत 'इंटरनॅशनल रेस्क्यू'ची इंग्लंडमधली हेर असलेल्या लेडी पेनेलोपीची गुलाबी, सहा चाकांची रोल्स रॉइस काढली, तिचं नाव 'फॅब १'. पारदर्शक छत सरकवलं की आत बोटाच्या पेराएवढी पेनेलोपी आणि तिचा ड्रायव्हर पार्कर बसलेले. पुढच्या जाळीतून एक क्षेपणास्त्र सुटतं. १९६७ मध्ये आलं हिरवं 'थंडरबर्ड २'. चार पिवळे पाय स्प्रिंगवर बाहेर येतात, विमान उंच होतं, पोटातला कप्पा खाली सुटा राहतो आणि त्यात एक इवलीशी पिवळी पाणबुडी, 'थंडरबर्ड ४'.

ही पाणबुडी म्हणजे संग्राहकांचा जीव की प्राण. प्लास्टिकची, हलकी, मुलांच्या हातून पहिली हरवणारी वस्तू. क्षेपणास्त्राचंही तेच. सोफ्याखाली, बागेत, व्हॅक्यूम क्लीनरमध्ये अशी किती गेली असतील! त्यामुळे आज नव्याने बनवलेले सुटे भाग सर्रास विकत मिळतात. इथले लोक त्यांना 'रेप्रो' म्हणतात. प्रामाणिक विक्रेता चिठ्ठीवर स्वच्छ लिहितो: गाडी मूळ, क्षेपणास्त्र रेप्रो. खोकीसुद्धा नव्याने छापून मिळतात, आणि खोक्यासकट वस्तूची किंमत कित्येक पटींनी वाढते, म्हणून तिथे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. नव्या छपाईचा पुठ्ठा फार पांढरा असतो, कडा फार सरळ असतात.

एशरच्या सँडाउन पार्क रेसकोर्सवर जुन्या खेळण्यांची मोठी जत्रा भरते. टेबलांमागे टेबलं आणि सकाळपासून गर्दी. तिथे एका सत्तरीच्या आजोबांच्या टेबलावर मी एक 'थंडरबर्ड २' हातात घेतलं. नाकावरचा हिरवा रंग उडून खालचा करडा धातू दिसत होता. मी पाय सोडले तर तीन खटकन बाहेर आले, चौथा अडला. आजोबांनी माझ्या हातातून घेतलं, अंगठ्याने एका विशिष्ट ठिकाणी हलकेच दाबलं, चौथाही आला. "याला असंच लागतं," म्हणाले. कप्प्याच्या तळाला निळ्या बॉलपेनने मुलाच्या अक्षरात एक नाव लिहिलं होतं. त्यांचंच. नाताळात मिळालं होतं म्हणाले, आणि आता मुलांना नको आहे. मी घासाघीस केली नाही. असं खेळून झिजलेलं विमान मला कपाटातल्या कोऱ्या करकरीत, खोक्याबाहेर कधीच न आलेल्या विमानापेक्षा जास्त प्रिय आहे, आणि या मतावरून माझे इथल्या काही संग्राहक मित्रांशी चांगलेच वाद होतात. त्यांचं म्हणणं, कोरी वस्तू म्हणजे इतिहास जसाच्या तसा. मी म्हणते, खेळण्याचा इतिहास म्हणजे त्याच्याशी कोण कसं खेळलं तोच.

माणसांच्या छोट्या प्रतिकृतींची लाट नंतर आली. सप्टेंबर १९९१ मध्ये बीबीसी टूवर मालिका पुन्हा दाखवायला सुरुवात झाली आणि नव्या पिढीने ती डोक्यावर घेतली. १९९२ मध्ये मॅचबॉक्सने वाहनांसोबत पात्रांच्या प्रतिकृती बाजारात आणल्या. पाचही भाऊ निळ्या गणवेशात, त्यामुळे ओळखायचे ते छातीवरच्या तिरक्या पट्ट्याच्या रंगावरून: स्कॉटचा फिका निळा, व्हर्जिलचा पिवळा, ॲलनचा पांढरा, गॉर्डनचा नारिंगी, जॉनचा फिका जांभळा. या प्रतिकृतींचे हातपाय हलतात. मूळ बाहुलीला जे कधी जमलं नाही ते प्लास्टिकच्या व्हर्जिलला कुठल्याही सहा वर्षांच्या मुलाने जेवणाच्या टेबलावर सहज करून दाखवलं: तो चालला.

त्या वर्षीच्या नाताळात मॅचबॉक्सचं 'ट्रेसी आयलंड', म्हणजे त्या गुप्त बेटाचं खेळणं, दुकानांतून संपलं. आईबाप रांगा लावून रिकाम्या हाताने परतत होते. जानेवारी १९९३ मध्ये 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात अँथिया टर्नरने ते बेट टाकाऊ वस्तूंपासून घरी कसं करायचं ते दाखवलं, आणि कृतीच्या कागदासाठी बीबीसीकडे पत्रांचा पाऊस पडला. माझ्या ऑफिसात चाळिशीतला एक सहकारी आहे, त्याच्या आईने केलेलं ते पुठ्ठ्याचं बेट अजून त्याच्या माळ्यावर आहे. त्याने फोटो दाखवला. रंग तडकलाय, एक कडा उंदरांनी कुरतडलीय, पण विमानाची गुहा शाबूत आहे. त्याला मी गमतीत विकतोस का विचारलं, तर त्याने फोन खिशात घातला.

तुमच्यापैकी कुणी उन्हाळ्यात इकडे येणार असेल तर मोठ्या दुकानांपेक्षा रविवारच्या कार बूट सेलला जा. लोक गाडीची डिकी उघडून घरातलं जुनं सामान विकतात. 'थंडरबर्ड २' दिसलं तर आधी कप्पा उघडून पाणबुडी आहे का बघा, मग पाय तपासा, तडा गेलेला पाय दुरुस्त होत नाही. मॅचबॉक्सच्या प्रतिकृती प्लास्टिकच्या टबात इतर खेळण्यांखाली दडलेल्या असतात. तळापर्यंत हात घाला.

आणि एक विनंती, आपल्या घरांतल्या माळ्यांसाठी. डिंकीचे काही जुने साचे पुढे भारतात आले आणि कलकत्त्यात 'निकी टॉइज' या नावाने त्या गाड्या बनल्या. थंडरबर्ड्स त्यांत नाहीत, साध्या मोटारी आहेत, पण त्याच घराण्यातल्या. काकांच्या, मामांच्या ट्रंकेत एखादी जड धातूची छोटी मोटार सापडली तर उलटी करून बुडाखालचं नाव वाचा. निकी असेल तर रंगवू नका, घासू नका, फक्त मला फोटो पाठवा.