डिलीट केलं, तरी जागा सुटेना

महिनाअखेर, संध्याकाळचे सहा. कंपनीचा मेल सर्व्हर मी सांभाळतो, म्हणून परचेसच्या मॅडम मोबाइल घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. 'सर, व्हेंडर म्हणतोय, सकाळपासून तुमच्याकडे मेल पोचत नाहीये.' त्याच्या सर्व्हरने त्याला उशिराची सूचना पाठवली होती, आणि त्यात आमचंच उत्तर छापलेलं: '४५२ ४.३.१ इन्सफिशियंट सिस्टीम स्टोरेज', म्हणजे साठवायला जागा अपुरी.

डिस्क ९०% भरली की इशारा येईल अशी सोय मीच केली होती. इशारा आलाही होता, तीन आठवड्यांपूर्वी. पण असले सगळे मेल परस्पर एका फोल्डरात जातील असा नियमही मीच लावलेला, आणि तो फोल्डर मी उघडत नाही. असो.

मॅडमना एवढंच सांगितलं की मेल हरवलेले नाहीत. ४ ने सुरू होणारा नकार म्हणजे 'आत्ता नको, नंतर ये'. समोरचा सर्व्हर थांबून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. तिथे पोस्टफिक्स, म्हणजे मेलची ने-आण करणारा प्रोग्राम असेल तर साधारण पाच दिवस. आमच्याकडेही पोस्टफिक्सच, आणि मोकळी जागा ठरावीक मर्यादेखाली गेली की तो नवीन मेल घ्यायलाच नकार देतो. मोठ्यात मोठ्या मेलच्या दीडपट तरी जागा हवी. आमच्याकडे एका मेलची मर्यादा २५ एमबी, म्हणजे ३७.५ एमबीसुद्धा शिल्लक नव्हती!

पहिला हात लॉगवर, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलींवर गेला. मागच्या महिन्यात एका तक्रारीसाठी डोव्हकॉटचं (मेलबॉक्स सांभाळणारा प्रोग्राम) डीबग, म्हणजे बारीकसारीक सगळं नोंदवणं, चालू केलं होतं, ते बंद करायचं राहिलं. एक फाइल ३१ जीबीची. डीबग बंद केलं, फाइल उडवली आणि खुशीत डिस्कवरची जागा दाखवणारं डीएफ मारलं, तर आकडा जागचा हलेना. दोन मिनिटं घाम फुटला. मग आठवलं: फाइलचं नाव गेलं तरी लॉग लिहिणाऱ्या प्रोसेसने ती धरून ठेवली असेल तर जागा सुटत नाही. एलएसओएफने काढलेल्या उघड्या फाइलींच्या यादीत तीच फाइल, पुढे कंसात 'डिलीटेड'. लॉग लिहिणारा आरसिसलॉग रीस्टार्ट केल्यावर ३१ जीबी मोकळे झाले. उडवण्याऐवजी फाइल जागच्या जागी शून्यावर आणली असती तर हे नाटक टळलं असतं.

आणखी एक: डिस्कच्या त्या ५०० जीबीच्या भागावर (ईएक्सटी४ पार्टिशन) ५% जागा रूटसाठी, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्यासाठी राखीव होती, म्हणजे २५ जीबी. ट्यून२एफएस कमांडने ती १% वर आणली. सर्व्हर चालू असतानाच २० जीबी हाती. तेवढ्यावर रात्र निघाली.

दुसऱ्या दिवशी खरा चोर शोधला. मला वाटलं होतं डिझाइनवाले असतील, ड्रॉइंग पाठवतात म्हणून. कोणी किती जागा खाल्ली याची डीयू कमांडने यादी काढली तर सगळ्यात वर डिस्पॅच! तिथला पोरगा प्रत्येक गाडीच्या वजनकाट्याच्या पावतीचा फोटो मेलने पाठवतो. फोटो ६ एमबीचा, मेलमध्ये बेस६४ होऊन, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, तो ८ एमबीचा होतो. नऊ जणांना प्रत, दहावी त्याच्या सेंटमध्ये: ८० एमबी. आमच्या मांडणीत प्रत्येकाची प्रत वेगळी साठते. दिवसाला बारा गाड्या धरल्या तर जवळजवळ एक जीबी, नुसत्या कागदाच्या चिठोऱ्यांसाठी.

त्याला विचारलं तर म्हणाला, 'फोटू नाही टाकला तर ट्रान्सपोर्टवाला भांडतोय की सर, वजन कमी दाखवलं म्हणून.' बरोबर आहे त्याचं. फोटो बंद करायला मी कोण? त्याच्या फोनच्या कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन उतरवलं. आता तीच पावती ४०० केबीत जाते आणि आकडे स्वच्छ वाचता येतात. नवीन मेल दाबून साठवायला डोव्हकॉटचं झेडलिबही चालू केलं. जेपेग आणखी दाबला जात नाही हे खरं, पण बेस६४ने आलेली सूज बरीचशी उतरते.

जंक आणि ट्रॅश साफ करताना मात्र हात आखडता घेतला. डोव्हकॉटच्या डव्हअॅडम या कमांडला 'बिफोर ३०डी' (तीस दिवसांपूर्वीचे) सांगितलं तर तो मेल आल्याची तारीख बघतो. कोणी दोन वर्षांपूर्वीचा मेल काल चुकून ट्रॅशमध्ये टाकला असेल तर तो आजच जाईल. 'सेव्हडबिफोर' हा मेल त्या फोल्डरात कधी आला ते बघतो. आधी त्याच अटीवर नुसता सर्च चालवला आणि यादी डोळ्यांखालून घातली. अकाउंट्सच्या काकांच्या ट्रॅशमध्ये जीएसटीची चलनं निघाली, वर्षवार सबफोल्डर करून लावलेली. काकांना फोन केला. 'अरे, तिथे कोणी हात लावत नाही म्हणून ठेवलीत!' ती आधी बाहेर काढली, मग एक्सपंज, म्हणजे कायमचं पुसणं, चालवलं.

आता ७८% वर आहे. राहिला तो निवृत्त वर्क्स मॅनेजर साहेबांचा २२ जीबीचा मेलबॉक्स. अजून त्यात बेअरिंगवाल्यांच्या किंमतयाद्या येऊन पडतात. मालकांना विचारलं, काढू का? म्हणाले, 'राहू दे, कधी लागला तर.' बाहेरच्या डिस्कवर एक प्रत घेऊन ठेवली आहे. मूळ जिथे होता तिथेच आहे.