दाजीपूरच्या कडेला कॅमेरा ट्रॅप: सड्यावर गवत, घळीत गवे

‘सड्यावर कॅमेरा बांधा, तीन आठवड्यांनी जा, गवेच गवे मिळतील’ असे ज्या अनुभवी परिचितांनी आम्हाला सांगितले, त्यांनी एप्रिलच्या उन्हाबद्दल एक शब्दही काढला नव्हता. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावरच्या, कॅमेऱ्यात २,१४० छायाचित्रे निघाली आणि त्यांतील जवळजवळ सर्व हलत्या गवताची होती. कॅमेरा ट्रॅप म्हणजे समोर जनावर आले की आपोआप टिपणारा कॅमेरा; त्याचा संवेदक उष्णतेतील फरक आणि हालचाल एकत्र टिपतो. त्यामुळे तापलेल्या जांभ्यावर गवत हलले की तो चाळवतो, आणि परिसरच जनावराच्या अंगाइतका तापला असेल तर समोरून गवा गेला तरी त्याला कळत नाही. उन्हाळ्यात सड्यावर कॅमेरा लावू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

दाजीपूर ज्यात येते त्या राधानगरी अभयारण्यात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय कॅमेरा लावता येत नाही. आम्ही हद्दीबाहेर, मित्राच्या चुलत्यांच्या मालकीच्या रानात काम केले आणि तरीही वनरक्षकांना आधी कळवले. कोल्हापूर ते राधानगरी एस.टी.चा प्रवास सुखाचा झाला. पुढच्या जीपवाल्याने मात्र ७०० रुपये ठरवून उतरताना १,८०० मागितले, म्हणून भाडे परतीसह आणि साक्षीदारासमोर ठरवावे.

दुसरा कॅमेरा आम्ही घळीतल्या पाणवठ्यावर लावला होता. ही वाट एक किलोमीटरही नाही, पण उतरायला आम्हाला दीड तास लागला. वाळक्या पाचोळ्याखाली जांभ्याचे सुटे धोंडे लपलेले असतात, आधाराला धरलेली कारवी हातातच मोडते, आणि करवंदीच्या जाळीतून वाकून जाताना पाठीवरची पिशवी प्रत्येक वेळी अडकते. चढताना माझ्या मांड्या थरथरत होत्या आणि दोघांत मिळून नेलेले चार लिटर पाणी अर्ध्या वाटेतच संपले. दुपारी चारनंतर खाली थांबू नये, कारण पाण्यावर येणाऱ्या गव्यांची वाटही तीच आहे.

एवढे सोसूनही मी घळीचीच शिफारस करीन. गुडघ्याएवढ्या उंचीवर, उत्तरेकडे तोंड करून, सावलीत बांधलेल्या त्या कॅमेऱ्याने ९६ वेळा टिपले आणि त्यांत भेकर, साळिंदर व गव्यांचा कळप होता. एका रात्रीच्या चित्रफितीत कळपातली मोठी गाय कॅमेऱ्यासमोर थबकते, नाक पुढे करून हुंगते, फुरफुरते, आणि ती बाजूला होईपर्यंत मागची वासरे एक पाऊलही पुढे टाकत नाहीत. ते वीस सेकंद पाहून आम्ही त्याच संध्याकाळी पुन्हा उतरायला निघालो होतो. चुलत्यांनी अडवले, हे बरे झाले. तिला आमच्या हातांचा वास आला असावा किंवा रात्री टिपण्यासाठी कॅमेऱ्यात असलेल्या अवरक्त (इन्फ्रारेड) दिव्याची लाली दिसली असावी. म्हणून कॅमेरा घेताना अवरक्त दिव्याची लाली दिसत नाही असाच निवडावा, आणि बांधून झाल्यावर पट्टा व खोका पाचोळ्याने चोळावा.

मेअखेर कॅमेरे काढून आणावेत. पहिल्या पावसानंतर घळीतले धोंडे शेवाळतात आणि मग तेथे कोणीही उतरू नये.